सर्कशीतील मुक्या जिवांचा कैवारी

प्राण्यांची भाषा बोलणारा डॉक्टर डूलिटल आपल्याकडच्या बहुतेकांना ठाऊक झाला तो एडी मर्फी यांच्या १९९८ मधील हॉलिवूडपटामुळे. मात्र या डॉक्टरचा जन्म पहिल्या महायुद्धातील खंदकांत झाला आणि त्याला जन्म देणारा लेखक व्यवसायाने स्थापत्य अभियंता होता, हे फारसे कोणाला माहीत नसते. ह्यू लॉफ्टिंग हे त्या लेखकाचे नाव. सर्कशीतील प्राणी म्हणजे मुलांच्या करमणुकीचे हुकमी साधन, असे मानण्याच्या काळात त्या प्राण्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न त्यांनी बालवाङ्मयात आणला. ज्या बालवाचकांसाठी त्यांनी तो विचारला त्यांची पतवंडे मोठी होईपर्यंत, म्हणजे जवळपास शंभर वर्षे, कायद्याला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. दुसरीकडे, काळाच्या इतका पुढे असलेला हा लेखक आणखी एका बाबतीत आपल्या काळाचाच कैदी राहिला. त्याची किंमत त्याच्या पुस्तकांना मोजावी लागली.

लॉफ्टिंग यांचा जन्म १४ जानेवारी १८८६ रोजी इंग्लंडमधील मेडनहेड या गावी झाला. वडील इंग्रज, तर आई आयरिश. लहानपणी त्यांनी आईच्या कपड्यांच्या कपाटात छोटेखानी प्राणिसंग्रहालय थाटले होते, असे सांगितले जाते. प्राण्यांत रमणाऱ्या या मुलाला वयाच्या आठव्या वर्षी जेझुइट धर्मगुरूंच्या निवासी शाळेत पाठविण्यात आले. घर आणि प्राणी, दोन्ही दुरावले. पुढे अमेरिकेतील 'एमआयटी' आणि नंतर लंडनमधील पॉलिटेक्निक येथे त्यांनी स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेतले. कॅनडात सर्वेक्षणाचे, पश्चिम आफ्रिकेतील लागोसमध्ये आणि क्युबातील हवाना येथे रेल्वेचे काम केले. परंतु रूळ आणि पूल यांत त्यांचे मन रमेना. १९१२ मध्ये ते न्यूयॉर्कला आले, फ्लोरा स्मॉल यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि लेखनावर उपजीविका करू लागले. एलिझाबेथ आणि कॉलिन ही दोन अपत्ये झाली. संसार मार्गी लागत असतानाच युरोपात महायुद्धाचा भडका उडाला.

खंदकातून आलेली पत्रे

१९१६ मध्ये लॉफ्टिंग ब्रिटिश सैन्याच्या 'आयरिश गार्ड्स' या तुकडीत दाखल झाले. फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या आघाडीवर त्यांची रवानगी झाली. घरी असलेली दोन लहान मुले बाबांच्या सचित्र पत्रांची वाट पाहत. पण लिहायचे काय? आघाडीवरच्या घडामोडी एक तर मुलांना सांगण्याजोग्या नव्हत्या, नाही तर सांगण्यात अर्थ नाही इतक्या रुक्ष होत्या. या पेचातून त्यांना वाट दाखवली ती युद्धातील घोड्यांनी.

त्या युद्धात तोफा, दारूगोळा आणि रसद ओढण्यासाठी लाखो घोडे आणि खेचरे राबत होती. माणसांइतकाच धोका ती पत्करत होती. सैनिक जखमी झाला, की त्याला उचलून नेण्यासाठी रुग्णवाहिका, शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर आणि शुश्रूषेसाठी परिचारिका असत. गंभीर जखमी झालेल्या घोड्याच्या वाट्याला मात्र बहुधा बंदुकीची गोळी येई. ही विषमता लॉफ्टिंग यांना अस्वस्थ करीत होती. घोड्यावर माणसासारखे उपचार करायचे, तर त्याला कुठे दुखते हे त्याच्याकडूनच कळायला हवे, म्हणजेच डॉक्टरला घोड्याची भाषा यायला हवी, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातूनच साकारला पडल्बी नावाच्या इंग्लिश गावातील डॉक्टर जॉन डूलिटल. माणसांचा हा डॉक्टर पॉलिनेशिया नावाच्या पोपटिणीकडून प्राण्यांच्या भाषा शिकतो आणि त्यांचा वैद्य होतो. ही गोष्ट पत्रांमधून, चित्रांसह मुलांकडे जाऊ लागली. धाकटा कॉलिन तर स्वतःलाच डॉक्टर डूलिटल म्हणवून घेऊ लागला.

लॉफ्टिंग युद्धात जखमी झाले आणि १९१९ मध्ये कुटुंबासह अमेरिकेस परतले. बोटीवर त्यांची सेसिल रॉबर्ट्स या ब्रिटिश लेखकाशी गाठ पडली. रॉबर्ट्स यांनी ती पत्रे वाचली आणि न्यूयॉर्कच्या स्टोक्स या प्रकाशनसंस्थेकडे लॉफ्टिंग यांची शिफारस केली. १९२० मध्ये 'द स्टोरी ऑफ डॉक्टर डूलिटल' हे पहिले पुस्तक लेखकाच्याच रेखाचित्रांसह प्रसिद्ध झाले. १९२२ मध्ये आलेल्या 'द व्हॉयेजेस ऑफ डॉक्टर डूलिटल' या दुसऱ्या पुस्तकाला १९२३ मध्ये अमेरिकेतील बालसाहित्याचे प्रतिष्ठेचे 'न्यूबेरी पदक' लाभले. हे पदक मिळविणारे ते दुसरे लेखक होत.

तंबूच्या मागची बाजू

सर्कस या कथांत पहिल्या पुस्तकापासूनच येते आणि तीही सहज. पडल्बीत सर्कस आलेली असते. तिच्यातील एका मगरीचे दात दुखू लागतात, म्हणून ती रात्री निसटून डॉक्टरच्या बागेत येते. दात बरा होतो, पण मगरीला परत जायचे नसते. सर्कशीची माणसे न्यायला येतात, तेव्हा ती त्यांना पिटाळून लावते. डॉक्टर तिला ठेवून घेतो. परिणामी घाबरलेले लोक आपली जनावरे त्याच्याकडे आणेनासे होतात, डॉक्टरची बहीण घर सोडून जाते आणि तो कंगाल होतो. प्राण्याची बाजू घेण्यासाठी माणसाला पदरमोड करावी लागते, हे लॉफ्टिंग यांनी मुलांना उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता सांगून टाकले.

याच पुस्तकात 'पुश्मी-पुल्यू' हा दोन डोक्यांचा अद्भुत प्राणी भेटतो. उसन्या घेतलेल्या बोटीचे पैसे फेडण्यासाठी तो जत्रांतून लोकांपुढे येण्यास राजी होतो. एक सर्कसवाला त्याला विकत घेऊ पाहतो, तेव्हा डॉक्टर साफ नकार देतो. या प्राण्याला पिंजऱ्यात कोंडले जाणार नाही, हे त्याचे ठाम म्हणणे असते. दुसऱ्या पुस्तकात डॉक्टरचे स्वतःचे प्राणिसंग्रहालय दिसते. तेथे घरांच्या दारांना कड्या आहेत, पण आतल्या बाजूने! बाहेरच्यांचा त्रास नको असेल तेव्हा प्राण्याने स्वतःच दार लावून घ्यावे, यासाठी ती सोय. कडी दाराच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेली आणि पिंजऱ्याचे घर झाले. लॉफ्टिंग यांचा सारा विचार या छोट्याशा कल्पनेत सामावलेला आहे.

१९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले 'डॉक्टर डूलिटल्स सर्कस' हे पुस्तक मात्र थेट तंबूच्या मागच्या बाजूला नेते. कर्ज फेडण्यासाठी डॉक्टर आपल्या प्राण्यांसह ब्लॉसम नावाच्या मालकाच्या सर्कशीत सामील होतो. बाहेरून झगमगाट, रंगीत फलक, वाद्यांचा गजर. आत कोंदट पिंजरे, उदास जनावरे आणि फसवाफसवी. एखादा साधा प्राणी अजब नाव देऊन प्रेक्षकांपुढे मांडला जातो, तर तंबूबाहेर भोंदू वैद्य बनावट औषधे विकतो. डॉक्टरला सारे प्राणी आपली गाऱ्हाणी सांगू लागतात आणि वाचणाऱ्या मुलाला प्रथमच सर्कस प्राण्याच्या डोळ्यांनी दिसते.

या पुस्तकातील सोफी या सीलची कथा सर्वाधिक गाजली. कसरती करून दाखविणाऱ्या सोफीचा जोडीदार दूर अलास्काच्या समुद्रात आहे आणि तिच्या विरहाने तो खंगला आहे, असे कळते. तिला पळवून नेण्याखेरीज मार्ग नसतो. कायद्याच्या भाषेत ही चोरीच! तरीही डॉक्टर सोफीला बाईमाणसासारखा पेहराव चढवतो, लपतछपत समुद्रापर्यंत नेतो आणि कड्यावरून पाण्यात सोडतो. पाहणाऱ्याला वाटते, याने एका स्त्रीला कड्यावरून ढकलून दिले. डॉक्टरवर खुनाचा आळ येतो, त्याला अटक होते आणि ओळखीच्या न्यायाधीशामुळे तो कसाबसा सुटतो. प्रसंग विनोदी आहे, पण त्यातील विचार धारदार आहे. मालकी हक्क मोठा, की जिवाची ओढ, असा तो सवाल आहे.

बेप्पो या वृद्ध घोड्याची कथा अधिक शांत आहे. वर्षानुवर्षे गाड्या ओढून थकलेल्या बेप्पोला निवृत्ती हवी आहे. सर्कशीत 'बोलक्या' घोड्याचा एक लबाडीचा खेळ चालतो. त्याऐवजी खरोखर सांगितलेले समजणारा घोडा मी उभा करतो, पण त्या बदल्यात बेप्पोला मोकळे सोडावे, असा सौदा डॉक्टर करतो. खेळ रंगतो आणि बेप्पोला कुरण मिळते. एवढेच नव्हे, तर गाडी ओढून थकलेल्या सर्व घोड्यांसाठी तेथे विश्रामस्थान उभे राहते. आघाडीवर गोळी घालून संपविलेल्या घोड्यांची आठवण ठेवूनच लॉफ्टिंग यांनी हे कुरण रंगविले असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

अखेर ब्लॉसम सारी मिळकत घेऊन पळून जातो. मागे राहिलेले कलावंत डॉक्टरला व्यवस्थापक करतात आणि 'डूलिटल सर्कस' सुरू होते. येथे नफा सर्वांत वाटला जातो आणि प्राणी स्वखुशीने रंगमंचावर येतात. लॉफ्टिंग यांनी सर्कस मोडीत काढली नाही, ती सुधारली. त्यांच्या भूमिकेचे बळ आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत. प्राण्याची संमती विचारणारा डॉक्टर केवळ गोष्टीतच असू शकतो. जेथे असा दुभाषी नाही तेथे काय करायचे, याचे उत्तर त्यांनी दिले नाही. ते पुढील पिढ्यांना शोधावे लागले.

बदलाचे वारे

हे पुस्तक पोकळीत जन्मले नव्हते. जॅक लंडन या अमेरिकी कादंबरीकाराने १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मायकेल, ब्रदर ऑफ जेरी' या कादंबरीतून प्राण्यांना कसरती शिकविताना होणाऱ्या छळाचे विदारक चित्र मांडले होते. प्राण्यांचे खेळ सुरू होताच प्रेक्षागृहातून उठून जाण्याचे व्रत घेणारे 'जॅक लंडन क्लब' त्यातून निघाले. ब्रिटनमध्ये संसदीय समितीने या विषयाची चौकशी केली आणि १९२५ मध्ये कायदा झाला. तथापि त्याने बंदी घातली नाही, प्राण्यांना शिकविणाऱ्यांनी आणि त्यांचे खेळ करणाऱ्यांनी नोंदणी करावी, एवढेच बंधन घातले. अमेरिकेत रिंगलिंग बंधूंच्या विख्यात सर्कशीने १९२५ मध्ये वाघ-सिंहांचे खेळ थांबविले, पण काही वर्षांतच ते पुन्हा सुरू झाले. याच सर्कशीत पुढे १९४० च्या दशकात पुण्याच्या दामू धोत्रे यांनी हिंस्र श्वापदांचे खेळ करून नाव कमावले.

बालवाङ्मय मात्र तंबूच्या झगमगाटातच रमले होते. एनिड ब्लायटन यांचे 'मिस्टर गॅलियानोज सर्कस' १९३८ मध्ये आले. त्यातील जिमी हा मुलगा प्राण्यांवर जीव लावतो. ब्लायटन यांच्या लेखी क्रूर माणूस वाईट असतो, सर्कस नव्हे. लॉफ्टिंग यांनी त्याआधी चौदा वर्षे मुलांना एक पाऊल पुढे नेले होते. पिंजरा स्वच्छ आणि मालक दयाळू असला, तरी सोफीला अलास्काच हवे असते, हे त्यांनी दाखवून दिले होते.

लॉफ्टिंग यांची युद्धविरोधी भूमिकाही याच संवेदनशीलतेतून आली होती. मुलांच्या पुस्तकांतून शौर्याच्या नावाखाली युद्धाचे गोडवे गायले जातात, याला त्यांचा विरोध होता. १९२० च्या दशकात त्यांनी लेख लिहून निरनिराळ्या देशांतील मुलांमध्ये स्नेहभाव रुजविणारे साहित्य हवे, असा आग्रह धरला. बालसाहित्याला दुय्यम लेखणेही त्यांना खटके. मुलांच्या पुस्तकांचा वेगळा कप्पा करायचा, तर म्हाताऱ्यांच्या पुस्तकांचाही करावा, असे ते गमतीने सुचवीत.

व्यक्तिगत आयुष्याने मात्र त्यांची कठोर परीक्षा घेतली. १९२७ मध्ये पत्नी फ्लोरा यांचे निधन झाले. १९२८ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला, पण ती पत्नीही वर्षभरातच मरण पावली. दरवर्षी एक पुस्तक देणारा हा लेखक थकला होता. १९२८ मध्ये 'डॉक्टर डूलिटल इन द मून' लिहून त्यांनी आपल्या नायकाला चंद्रावर धाडले आणि काही वर्षे तेथेच ठेवले. वाचकांसाठी १९३३ मध्ये त्याला परत आणावे लागले. १९३५ मध्ये जोसेफिन फ्रिकर यांच्याशी त्यांचा तिसरा विवाह झाला आणि पुढील वर्षी ख्रिस्तोफर हा मुलगा झाला. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा त्यांचा उरलासुरला आशावादही करपला. १९४२ मधील 'व्हिक्टरी फॉर द स्लेन' हे दीर्घ काव्य त्याची साक्ष देते. प्रौढांसाठी त्यांनी लिहिलेले हे एकमेव पुस्तक. २६ सप्टेंबर १९४७ रोजी कॅलिफोर्नियात वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दीर्घकाळ लिहीत असलेले 'डॉक्टर डूलिटल अँड द सीक्रेट लेक' त्यांच्या मृत्यूनंतर, १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

न ऐकू आलेला आवाज

मृत्यूनंतर वीस वर्षांनी लॉफ्टिंग यांच्या कीर्तीला अनपेक्षित दिशेने धक्का बसला. १९६७ मध्ये रेक्स हॅरिसन यांची भूमिका असलेला भव्य संगीतपट आला आणि पुस्तकांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. अमेरिकेत त्या वेळी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ जोरात होती. नव्या दृष्टीने पुस्तके वाचणाऱ्यांना त्यांत वेगळेच काही आढळले. पहिल्या पुस्तकात बंपो नावाचा आफ्रिकी राजपुत्र आहे. परीकथेतील राजपुत्रासारखे आपण गोरे व्हावे, अशी त्याची इच्छा असते. डॉक्टर औषधे लावून त्याचा चेहरा काही काळापुरता पांढरा करतो आणि त्या बदल्यात कैदेतून सुटका मिळवतो. शिवाय वर्णवाचक हीन शब्द होते, आफ्रिकी माणसांची विद्रूप व्यंगचित्रेही होती. १९६८ मध्ये इझाबेल सूल या ग्रंथपाल समीक्षिकेने या साऱ्यावर कठोर टीका केली. हळूहळू पुस्तके ग्रंथालयांतून हटू लागली आणि अमेरिकेत बाजारातूनही दिसेनाशी झाली.

हा विरोधाभास बोचणारा आहे. मगर, सील, घोडा यांचे मन ज्याला वाचता आले, त्याला आफ्रिकी माणसाचे मन मात्र वाचता आले नाही. ज्या लागोसमध्ये त्यांनी रेल्वेचे काम केले ते ब्रिटिश साम्राज्याचा भाग होते. त्या साम्राज्याच्या नजरेतून सुटणे त्यांना साधले नाही. देशोदेशींच्या मुलांमध्ये मैत्री व्हावी म्हणून लिहिणाऱ्याच्याच पुस्तकाने काही मुलांना खाली मान घालायला लावली.

या पुस्तकांचे काय करायचे, हा प्रश्न अखेर धाकट्या ख्रिस्तोफर यांच्यासमोर आला. वडिलांचा शब्द जसाच्या तसा ठेवायचा, की मुलांच्या हाती पुस्तक पुन्हा जावे म्हणून तो बदलायचा? जन्मशताब्दीनंतर, १९८८ मध्ये, सुधारित आवृत्त्या निघाल्या. आक्षेपार्ह शब्द आणि काही चित्रे वगळण्यात आली, बंपोच्या गोरेपणाचा प्रसंग बदलण्यात आला. कोणाचेही मन दुखावण्याचा वडिलांचा हेतू नव्हता आणि आज ते असते तर त्यांनीच हे बदल केले असते, अशी ख्रिस्तोफर यांची धारणा होती. हा निर्णय सर्वांनाच मानवला असे नाही. मूळ संहितेत ढवळाढवळ म्हणजे इतिहास पुसणे, असे म्हणणारे आहेत. परंतु संशोधकाच्या टेबलावरील पुस्तक आणि सहा वर्षांच्या मुलाच्या उशाशी असलेले पुस्तक यांत फरक आहे. पहिल्याने भूतकाळ जसा होता तसा दाखवावा, हे रास्तच. दुसऱ्याने एखाद्या मुलाला त्याच्या रंगावरून हिणवावे, हे सोफीची बाजू घेणाऱ्या लेखकाला रुचले नसते, असे मानायला जागा आहे.

दरम्यान सर्कसही बदलली. १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी जिची मुहूर्तमेढ रोवली त्या भारतीय सर्कशीत वाघ-सिंह हेच प्रमुख आकर्षण होते. १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सर्कस चालविणाऱ्या आणि तिच्यावर पोट असणाऱ्या अनेकांना हा बदल जड गेला, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. डॉक्टर डूलिटलच्या इंग्लंडमध्ये तर फिरत्या सर्कशीत वन्य प्राणी वापरण्यावर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्ये झाला आणि जानेवारी २०२० पासून अमलात आला. पुस्तक आले १९२४ मध्ये. मधली वर्षे मोजली तर जवळजवळ शतक होते. रिंगलिंग सर्कशीने २०१६ मध्ये हत्तींचे खेळ थांबविले, २०१७ मध्ये तंबू गुंडाळला आणि २०२३ मध्ये ती परतली ती प्राण्यांविना.

पडद्यावरील डॉक्टरही यास अपवाद नाही. १९६७ च्या चित्रपटासाठी प्रशिक्षित प्राण्यांचा मोठा ताफा राबविण्यात आला होता. पिंजऱ्याविरुद्ध बोलणाऱ्या नायकाच्या चित्रपटासाठीच ही पिंजऱ्यांची रांग! रॉबर्ट डाउनी ज्युनिअर यांच्या २०२० मधील 'डूलिटल'मध्ये प्राणी संगणकाने घडविले. चित्रपट समीक्षकांच्या पसंतीस उतरला नाही, पण पडद्यावर बोलणारे अस्वल दाखवण्यासाठी खऱ्या अस्वलाला शिकवून तयार करण्याची गरज आता उरलेली नाही, हे त्याने दाखवून दिले.

आजची मुले सर्कशीत वाघ पाहत नाहीत. त्यामुळे सर्कशीच्या जुन्या गोष्टी त्यांना कालबाह्य वाटतील, अशी शंका येते. लॉफ्टिंग यांची गोष्ट तशी होत नाही, कारण ती मुळात तंबूची नव्हती. ज्याला आपल्या भाषेत तक्रार करता येत नाही त्याचे म्हणणे कोणी ऐकायचे, हा तिचा विषय होता. लॉफ्टिंग यांनी ते घोड्याचे ऐकले, सीलचे ऐकले, बंपोचे ऐकायचे राहून गेले. राहिलेले ते काम त्यांच्याच शिकवणीवर वाढलेल्या वाचकांनी पुढे नेले. एखाद्या बाललेखकाच्या पश्चात त्याच्या पुस्तकांचे याहून चांगले वाचन कोणते असू शकेल?